भय कीं विश्वास? कादेश येथील मंडळीचा धडा

शास्त्रपाठ : गणना, अध्याय १३ व १४.
मुखपाठ : गणना १४ : ९.

रोजचें वाचन : सोमवार, गणना १३ : १–२४. मंगळवार, गणना १३ : २५–३३. बुधवार, गणना १४ : १–१०. गुरुवार, गणना १४ : ११–२५. शुक्रवार, गणना १४ : २६–४५. शनिवार, यहोशवा १४ : ६–१५. रविवार, इब्री ३ : ७–१९.

प्रस्तावना

आजच्या पाठांतील गोष्ट आपणांपैकीं बहुतेकांस लहानपणापासून ठाऊक आहे. दोन माणसांच्या खांद्यांवर एक दांडा व त्या दांड्यास लटकलेला द्राक्षांचा भला मोठा घोस, हें चित्र रविवारच्या शाळेंत पुष्कळांनीं पाहिलें असेल. परंतु चित्र लक्षांत राहावें आणि धडा विसरावा, असें होऊं नये. ही गोष्ट द्राक्षांची नव्हे. एका मंडळीनें एका रात्रींत भयाचा मार्ग कसा निवडला, आणि त्यापायीं तिला चाळीस वर्षें कशीं गमवावीं लागलीं, त्याची ही गोष्ट आहे. शास्त्र या लोकांस वारंवार ‘मंडळी’ असेंच म्हणतें. म्हणून आपल्या मंडळ्यांनीं हा पाठ आपल्याविषयींच आहे असें समजून वाचावा.

१. हेर कशासाठीं पाठविले?

होरेबापासून कादेश-बर्ण्यापर्यंत वाट अवघ्या अकरा दिवसांची, असें अनुवादाच्या पहिल्या अध्यायांत सांगितलें आहे. इस्राएल लोक त्या वाटेनें येऊन कनान देशाच्या उंबरठ्यावर उभे होते. तेव्हां प्रत्येक वंशांतून एक, असे बारा सरदार निवडून मोशेनें त्यांस देश पाहावयास पाठविलें. हे कोणी भुरटे अगर भित्रे लोक नव्हते. आपापल्या वंशांत मान असलेले पुढारी होते.

मोशेनें त्यांस काय विचारलें, तें नीट पाहा. लोक बलवान आहेत कीं दुर्बळ? थोडे आहेत कीं पुष्कळ? नगरें छावण्यांसारखीं आहेत कीं तटबंदीचीं? जमीन सुपीक आहे कीं नापीक? झाडें आहेत कीं नाहींत? अशी माहिती काढून आणा, आणि धीर धरून त्या देशाचें कांहीं फळहि घेऊन या, असें त्यानें सांगितलें. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. डोळे उघडे ठेवून संकट मोजणें हा अविश्वास नव्हे. विश्वासू मनुष्यानें हिशेब करूं नये, अडचण पाहूं नये, असें देव कोठेंहि सांगत नाहीं. हेरांनीं राक्षसी देहाचीं माणसें पाहिलीं म्हणून त्यांस दोष लागला नाहीं. कालेबानेंहि तींच माणसें पाहिलीं होतीं.

मग दोष कोठें शिरला? मोशेनें प्रश्न विचारला होता कीं, देश कसा आहे? दहा जण परत आले ते दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर घेऊन आले. आपण जावें कीं न जावें, हें त्यांस कोणी विचारलेंच नव्हतें. तें देवानें आधींच ठरविलें होतें.

२. एका ‘परंतु’नें काय झालें

चाळीस दिवसांनीं हेर परत आले. त्यांनीं घोस, डाळिंबें व अंजिरें लोकांस दाखविलीं. देश चांगला आहे, हें त्यांनीं कबूल केलें. येथपर्यंतचा अहवाल अगदीं खरा होता. पुढें त्यांनीं ‘परंतु’ म्हटलें, आणि त्या शब्दाबरोबर लोकांचें लक्ष फळांवरून उडून तटांवर गेलें. लोक बलवान, नगरें मोठीं, अनाकाचे वंशज तेथें राहतात. हेंहि खरेंच होतें. कालेबानें मध्येंच लोकांस गप्प करून, आपण वर चढून जाऊं व तो देश घेऊं, असें सांगितलें. तेव्हां मात्र दहांचें बोलणें बदललें. आतां तो देश आपल्या रहिवाशांस गिळून टाकणारा झाला, आणि तेथें दिसलेला प्रत्येक मनुष्य उंच व धिप्पाड झाला.

भयाची ही रीत प्रत्येक उपदेशकानें ओळखून ठेवावी. भय आरंभीं खोटें बोलत नाहीं. तें खऱ्या गोष्टींनीं सुरुवात करितें, मग त्यांतील कांहीं झांकून ठेवितें, आणि कोणी विरोध केला कीं वाढवून सांगूं लागतें. जो देश रहिवाशांस गिळतो, त्यांत तटबंदीचीं नगरें व इतके बलवान लोक राहिले तरी कसे? हा प्रश्न त्या रात्रीं कोणाच्याहि मनांत आला नाहीं. भ्यालेल्या मनुष्यास आपल्या बोलण्यांतील विसंगति दिसत नसते.

त्याच रात्रीं सर्व मंडळी रडत बसली. बारांपैकीं दहांचें बोलणें, पण छावणींतल्या प्रत्येक तंबूंत तें पोहोंचलें. सकाळीं लोक काय म्हणूं लागले, तें पाहा. आम्ही मिसर देशांतच मेलों असतों तर बरें झालें असतें. आमच्या बायकामुलांची लूट होईल. नवा नायक नेमूं आणि परत जाऊं. ज्या मिसरांत त्यांच्या मुलग्यांस नदींत फेंकीत होते, तें मिसर आतां त्यांस सुरक्षित वाटूं लागलें! भयानें पुढची वाट दिसेनाशी होते, आणि मागचें दास्य गोड वाटूं लागतें.

३. टोळांची दृष्टि

दहा हेरांनीं शेवटीं असें म्हटलें कीं, आम्ही आपल्या दृष्टीनें टोळांसारखे होतों व त्यांच्याहि दृष्टीनें तसेच होतों. यांतील पहिला भाग त्यांस ठाऊक होता. दुसरा त्यांस कोणी सांगितला? अनाकाच्या एखाद्या पुत्रास त्यांनीं विचारलें होतें काय? मुळींच नाहीं. आपल्या मनांतील कमीपणा त्यांनीं शत्रूच्या डोळ्यांत घातला.

शत्रूच्या मनांत खरोखर काय होतें, तें यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायांत कळतें. पुष्कळ वर्षांनीं यरीहो नगरांत राहाब नांवाच्या स्त्रीनें दुसऱ्या दोन हेरांस सांगितलें कीं, परमेश्वरानें तांबड्या समुद्राचें पाणी आटविलें हें ऐकून आमच्या लोकांच्या काळजाचें पाणी झालें आहे. म्हणजे तटाच्या आंतलेहि भीत होते! इस्राएल लोक छावणींत रडत होते, आणि ज्यांच्या भयानें ते रडत होते त्यांच्यापर्यंत देवाच्या कृत्यांची वार्ता जाऊन पोहोंचली होती.

आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती लोकांस हा भाग विशेष लागू आहे. पिढ्यानपिढ्या ज्यांस गांवाबाहेर ठेविलें, ज्यांच्या सावलीचाहि विटाळ मानला, त्यांच्या मनांत ‘आम्ही टोळ आहों’ हें बोलणें फार खोल गेलेलें असतें. तें केवळ भित्रेपणाचें बोलणें नव्हे; तो पूर्वजांनीं सोसलेल्या दुःखाचा वण आहे, आणि त्यास कोणीं हसूं नये. परंतु ज्यांस देवाच्या पुत्रानें आपलें रक्त देऊन विकत घेतलें, त्यांनीं आपली किंमत दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहून ठरवावी काय? देशाच्या राज्यघटनेनेंहि १९५० सालापासून १७ व्या कलमानें अस्पृश्यता नाहींशी केली आहे, व २५ व्या कलमानें विवेकाचें व धर्माचरणाचें स्वातंत्र्य दिलें आहे. कोणी अन्याय केला तर कायद्याचा आधार घेणें हा अविश्वास नव्हे. पौलानेंहि कैसराजवळ दाद मागितली (कृत्यें २५ : ११). विश्वासानें ताठ उभें राहावें, आणि प्रीतीनें बोलावें.

४. दोघांची साक्ष

यहोशवा व कालेब यांनीं आपलीं वस्त्रें फाडलीं व मंडळीस विनंति केली. त्यांनीं तट लहान आहेत असें म्हटलें नाहीं. अनाकी ठेंगणे आहेत असेंहि म्हटलें नाहीं. त्यांनीं फक्त दहा जणांनीं गाळलेलें एक नांव आपल्या साक्षींत घातलें. तेराव्या अध्यायांतील दहांचा अहवाल पुन्हा वाचून पाहा. त्यांत परमेश्वराचें नांव एकदांहि येत नाहीं. दोघांच्या साक्षींत मात्र तें पुनःपुन्हा येतें. परमेश्वर आपल्यावर प्रसन्न असला तर तो आपणांस त्या देशांत नेईल. परमेश्वराविरुद्ध बंड करूं नका. परमेश्वर आपल्याबरोबर आहे, त्या लोकांस भिऊं नका. इतकाच काय तो फरक. बाराही जणांची पाहणी एक, वाट एक, फळेंहि एकच. दहांनीं राक्षसांची तुलना आपल्याशीं केली, आणि दोघांनीं राक्षसांची तुलना देवाशीं केली.

या साक्षीचें बक्षीस काय मिळालें? मंडळीनें त्यांस धोंडमार करावयाचें ठरविलें. उपदेशक बंधूंनो, विश्वासाचें बोलणें बहुमतास नेहमीं रुचेल अशी अपेक्षा ठेवूं नका.

५. दुसरी चूक : धाडस म्हणजे विश्वास नव्हे

हा पाठ शिकवितांना पुष्कळ शिक्षक येथेंच थांबतात. परंतु चौदाव्या अध्यायाचा शेवट गाळला तर अर्धाच धडा शिकविल्यासारखें होईल. देवाचा न्याय ऐकून लोक दुसऱ्या दिवशीं पहांटें उठले व म्हणाले, आम्हीं पाप केलें, आतां आम्ही वर जातों. मोशेनें सांगितलें, जाऊं नका, परमेश्वर तुमच्यामध्यें नाहीं. तरी ते हट्टानें डोंगरावर गेले. कराराचा कोश व मोशे छावणींतच राहिले. अमालेकी व कनानी खालीं उतरले व त्यांनीं त्यांस हर्मापर्यंत मारीत नेलें.

काल भयानें देवाची आज्ञा मोडली. आज धाडसानें मोडली. दोहोंचें मूळ एकच, देवाचें न ऐकणें. म्हणून विश्वास म्हणजे छाती ठोकून संकटांत उडी घेणें, असें कोणी समजूं नये. सर्पदंश झालेल्या मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रांत न नेतां केवळ प्रार्थना करीत घरीं ठेवणें हा विश्वास नव्हे. आणि त्यास भगताकडे नेऊन अंगारा लावणें हें तर उघड भय होय. प्रार्थना करीत करीत त्यास लागलेंच दवाखान्यांत न्यावें, हाच सरळ मार्ग.

१५२७ सालीं जर्मनींतील विटेनबर्ग शहरांत प्लेग आला. विद्यापीठ दुसऱ्या गांवीं हलविलें, पण मार्टिन लूथर तेथेंच राहिले. पळून जाणें ख्रिस्ती मनुष्यास योग्य आहे काय, असें ब्रेस्लाव येथील पाळकांनीं त्यांस विचारलें होतें. त्यांच्या उत्तराचा आशय असा : औषध घ्यावें, घर धुरी देऊन शुद्ध करावें, गरज नसेल तेथें जाऊं नये; पण शेजाऱ्यास आपली गरज असेल तर त्यास टाकून जाऊं नये. २०२० च्या मार्च महिन्यांत करोनामुळें आपल्या देशांत टाळेबंदी झाली व आपलीं उपासनामंदिरें बंद राहिलीं, तेव्हां हेंच उत्तर आपल्या उपयोगीं पडण्याजोगें होतें. मंदिराचें दार लावणें हा भित्रेपणा नव्हता. परंतु आजारी शेजाऱ्याच्या दारांत भाकरी न ठेवणें, हा भित्रेपणा झाला असता.

आपल्याच महाराष्ट्रांतील उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई यांनीं तरुणपणीं दुष्काळाच्या दिवसांत आपले आईबाप व वडील बहीण गमाविलीं होतीं. दुष्काळ काय करितो, हें त्यांनीं अंगावर सोसलें होतें. भयास याहून मोठें कारण कोणतें? १८९६–९७ सालीं मध्य प्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा यांस आणून त्यांनीं आश्रय दिला. पुण्यांत प्लेगचे दिवस होते, व इतक्या मुलींस शहरांत ठेवितां येईना. मग केडगांवच्या जमिनींत त्यांची सोय केली, आणि तेथें मुक्ति सदन उभें राहिलें. त्यांनीं प्रार्थना केली व विहिरीहि खणविल्या. देवावर भरंवसा ठेविला व मुलींस कामधंदाहि शिकविला.

६. आपल्या मंडळ्यांत

आतां आमची एक कबुली. आमच्या पाळकक्षेत्रांत एक लहान वस्ती आहे. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. ख्रिस्ती घरें अकरा. त्यांपैकीं सात घरें दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात व उन्हाळ्यांत परत येतात. एके वर्षीं वळवाच्या वादळानें मंदिराचे पत्रे उडाले. उपदेशकाचें तीन महिन्यांचें मानधन थकलें. तेव्हां समितीनें आम्हांस, जाऊन पाहा व अहवाल द्या, असें सांगितलें.

आम्ही हंगामांत एका बुधवारीं दुपारीं गेलों. चार घरें उघडीं, सात बंद. मंदिरांत शेळ्या बसलेल्या. आम्हीं सर्व मोजलें व प्रामाणिकपणें लिहिलें : इतके पत्रे गेले, इतकें देणें आहे, इतके सभासद हजर, सबब ही मंडळी चौदा किलोमीटरांवरील तालुक्याच्या मंडळींत मिळवावी. कागदावरील एकहि आंकडा खोटा नव्हता.

मे महिन्यांत तो अहवाल वस्तीवरील बैठकींत वाचला गेला. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग एक म्हातारी विधवा पदर सांवरून उठली व म्हणाली, “पाळकसाहेब, तुम्ही दुपारचे आलात. दुपारी आम्ही मजुरीला असतो. आम्ही जमतो दिवेलागणीला, माझ्या पडवीत. तुम्हांला कोण दिसणार? पत्रे किती उडाले ते तुम्ही लिहिले. माझ्या घरचा मूठधान्याचा डबा तुम्ही पाहिला का?”

आम्हांस उत्तर देतां येईना. त्या पडवींत चार बायका व सात मुलें रोज संध्याकाळीं शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत होतीं. दर वेळीं भाकरीचें पीठ घेतांना एक मूठ डब्यांत पडत होती. ऊसाच्या फडाजवळ कोपी घालून राहिलेल्या सात कुटुंबांनींहि रविवारीं पहांटें, कोयता हातीं धरण्यापूर्वीं, प्रार्थना चालविली होती. हें सर्व तेथें होतें, आणि तें आमच्या अहवालांत नव्हतें. दहा हेरांविषयीं आम्हीं कित्येकदां उपदेश केला होता. त्या दिवशीं आम्हांस कळून आलें कीं आम्हीहि त्यांच्यांतलेच अकरावे होतों.

अहवाल परत घेतला. पुढच्या दिवाळींत ऊसतोडीस निघण्यापूर्वीं दर कोयत्यामागें कांहीं रक्कम उचलींतून मंदिरासाठीं काढून ठेवावी, असें त्या लोकांनींच ठरविलें, व तसें केलें. त्यांतून अर्ध्या मंदिरावर पत्रे आले. उरलेल्या अर्ध्यावर अद्याप ताडपत्री आहे, आणि उपदेशकाच्या मानधनाचा एक महिना अजून देणें आहे. सर्व अडचणी सरल्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती मंडळी आहे. दर रविवारीं तेथें उपासना होते.

वाचकहो, प्रत्येक मंडळींत असे प्रश्न येतात. परदेशी मिशनचा पैसा पूर्वींसारखा येत नाहीं, मग उपदेशक कसा ठेवावा? तरुण मुलें शहरांत गेलीं, मग गायन कोण करील? घरांत मूल आजारी पडलें, शेजारीण गंडा बांधून घे म्हणते, मग काय करावें? अशा वेळीं पंचांनीं व वडीलजनांनीं पुढील तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, अडचण जशी आहे तशीच मांडावी. लपवूं नये व फुगवूंहि नये. दुसरी, देवानें आजवर काय दिलें व आज काय देत आहे, तेंहि त्याच कागदावर लिहावें. तिसरी, प्रार्थना केल्यावांचून व सर्वांत लहान मनुष्याचें बोलणें ऐकल्यावांचून निर्णय करूं नये. आणि ज्या बाईनें भयानें गंडा बांधला, तिला मंडळीबाहेर घालण्याची घाई करूं नये. तिच्या मुलाच्या उशाशीं एक रात्र जागावें, त्यास दवाखान्यांत नेण्यास गाडीभाडें द्यावें. मग गंडा तिच्या हातानेंच सुटेल अशी आशा धरावी. भ्यालेल्या बहिणीस दटावून धीर येत नाहीं. कोणी जवळ बसल्यानें येतो.

७. कालेबाचा डोंगर

मोशेनें मध्यस्थी केली आणि देवानें क्षमा केली; हें विसरूं नका. भित्र्या मंडळीसहि देवानें टाकलें नाहीं. रानांतहि त्यानें त्यांस चाळीस वर्षें पोसलें. ज्या मुलांची लूट होईल म्हणून ते रडले, त्याच मुलांस त्यानें त्या देशांत नेलें. तरी ज्यांचें वय वीस वर्षांचें व त्याहून अधिक होतें, त्या पिढीचा वांटा मात्र गेला. क्षमा मिळाली, पण गेलेलीं वर्षें परत मिळालीं नाहींत.

कालेब हेर झाला तेव्हां चाळीस वर्षांचा होता. पुढें पंचेचाळीस वर्षांनीं, वयाच्या पंचायशीव्या वर्षीं, तो यहोशवाकडे आला. त्यानें सपाट व सोपी जमीन मागितली नाहीं. ज्या डोंगराळ प्रदेशांत अनाकी राहत होते व ज्याच्या भयानें सर्व मंडळी रडली होती, तोच त्यानें मागितला. आणि हेब्रोन त्याचें वतन झालें. इतकीं वर्षें दुसऱ्यांच्या भयाचें फळ त्यानें रानांत भोगलें. पण त्यानें कुरकुर केली असें शास्त्रांत कोठेंहि नाहीं.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. मोशेनें हेरांस कोणकोणते प्रश्न विचारले? जावें कीं न जावें, हा प्रश्न त्यांत होता काय?
२. दहांच्या अहवालांत कोणतें नांव गाळलें होतें?
३. टोळांविषयींचें बोलणें खोटें होतें, हें राहाबेच्या बोलण्यावरून कसें कळतें?
४. पहिल्या दिवशींचें भय व दुसऱ्या दिवशींचें धाडस, या दोहोंत सारखें काय होतें?
५. आपल्या मंडळीच्या अहवालांत कोणती गोष्ट लिहावयाची राहून गेली आहे? पुढच्या रविवारीं प्रत्येकानें एक एक सांगावी.

प्रार्थना

हे आमच्या पित्या, आम्ही थोडे आहों व भितों, हें तुला ठाऊक आहे. आमच्या अडचणी आम्ही तुजपासून लपवीत नाहीं. परंतु त्या मोजतांना तुझें नांव गाळण्याच्या पापापासून आम्हांस राख. हट्टाच्या धाडसापासूनहि राख. ज्या पडवींत दोघे तिघे तुझ्या पुत्राच्या नांवानें जमतात, तेथें तूं आहेस हें आमच्या डोळ्यांस दिसूं दे. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.